इन्सिडेंटच्या रात्री कीबोर्ड कोणाकडे असतो

रात्री दोनच्या सुमाराला रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, इन्सिडेंट उघडकीला आला की पहिल्या अर्ध्या तासात काय धावपळ होते हे ज्यांनी एकदा तरी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ब्रिज कॉल सुरू होतो, एकेक जण झोपेतून उठून जॉइन होतो, कोणीतरी बाधित सर्व्हर नेटवर्कपासून तोडायला घेतो, कोणी डोमेन कंट्रोलरचे लॉग खेचतो, कोणी मेमरी डंपच्या मागे लागतो, बॅकअप शाबूत आहे की तोही गेला यावर वाद सुरू होतो, आणि या सगळ्या गोंधळात एक वाक्य येतंच, "अगं, तू जरा टाइमलाइन लिहून ठेवशील का?" सायबर सिक्युरिटीतल्या माझ्या करियरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मी ज्या ज्या मोठ्या इन्सिडेंटवर होते त्यातल्या जवळपास सगळ्यांची टाइमलाइन मीच लिहिलीय.

आता एक गोष्ट आधीच सांगते, टाइमलाइन हे फालतू काम नाहीये. किती वाजता काय दिसलं, कुठलं अकाउंट कोणी बंद केलं, कुठला निर्णय कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे त्याच क्षणी लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोणालाच धड आठवत नाही, आणि युरोपच्या जीडीपीआरसारखा कायदा लागू असेल तर डेटा गेल्याचं कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं, तेव्हा वकिलांपासून सीईओपर्यंत सगळे त्या टाइमलाइनपाशीच येतात. पण जी व्यक्ती टाइमलाइन लिहीत असते तिचा हात त्या रात्री मशीनला लागत नाही. एका रात्रीने काही बिघडत नाही हो, पण अशा रात्री साठत जातात. ज्याने डिस्कची इमेज, म्हणजे तपासासाठी हुबेहूब प्रत, घेतली, ज्याने मालवेअर उलगडून बघितला, तो दर वेळी थोडा थोडा तयार होत गेला, आणि मी दर वेळी तीच टाइमलाइन लिहीत राहिले. मग सीनियर पदाची वेळ आली तेव्हा मला सांगितलं गेलं की तुझं कम्युनिकेशन छान आहे, कोऑर्डिनेशन छान आहे, फक्त टेक्निकल डेप्थ जरा कमी पडते. सांगणारा माणूस वाईट नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता. डेप्थ खरंच कमी होती. ती का कमी राहिली हे त्याला दिसलं नाही, आणि मलाही त्या दिवशी ते नीट मांडता आलं नाही, आज मांडतेय.

सायबर सिक्युरिटीत बायका कमी आहेत हे आता सगळे बोलतात. चर्चा सुरू झाली की ती लगेच शाळा-कॉलेजपर्यंत मागे जाते, मुलींना गणिताची गोडी लावा, कोडिंग कॅम्प घ्या, स्कॉलरशिप द्या, भरतीत इतके टक्के ठेवा. हे सगळं करा, माझा कशालाच विरोध नाही. पण माझं म्हणणं असं आहे की समावेश हा भरतीच्या दारात मोजायचा नसतो, तो टीमच्या आत, कामाच्या वाटपात मोजायचा असतो. कोणाला कुठली केस मिळते, कोणाला प्रॉडक्शनचा ॲक्सेस मिळतो, इन्सिडेंटच्या रात्री कीबोर्ड कोणाकडे असतो. तिथे जे ठरतं त्यावरून पाच वर्षांनी कोण टिकणार आणि कोण निघून जाणार हे ठरतं, आणि तिथे कोणी बघतच नाही, कारण तिथे कोणीच कोणाला मुद्दाम अडवत नसतं.

या क्षेत्राचा इतिहास बघितला तर हे फारच ठळक दिसतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायचं जे प्रचंड काम चाललं त्यातले साधारण तीन चतुर्थांश लोक बायका होत्या. तीन चतुर्थांश! आजच्या कुठल्याही कंपनीच्या डायव्हर्सिटी रिपोर्टमध्ये असा आकडा आला तर त्याचा केवढा गवगवा होईल. पण त्यातल्या बहुतेक जणी कोड फोडायला मदत करणारी 'बॉम्ब' नावाची मशीन चालवायच्या, कार्डं लावायच्या, टायपिंग करायच्या, संदेश टिपून घ्यायच्या, आणि ज्यांना प्रत्यक्ष कोड फोडायला बसवलं होतं अशा अगदी थोड्या. त्या थोड्यांतली एक जोन क्लार्क. हट ८ या विभागात ती जर्मन नौदलाच्या एनिग्मा या सांकेतिक मशीनच्या संदेशांवर काम करायची, गणितात ती हुशार होती, आणि तिला बढती द्यायची वेळ आली तेव्हा अडचण अशी निघाली की बाईसाठी क्रिप्टॲनालिस्टची, म्हणजे कोड फोडणाऱ्याची, तशी ग्रेडच नव्हती, मग तिला कागदोपत्री भाषातज्ज्ञ म्हणून दाखवलं. फॉर्मवर ती लिहायची, ग्रेड भाषातज्ज्ञ, भाषा एकही नाही. १९४४ मध्ये ती हट ८ ची उपप्रमुख झाली, तरी पगार पुरुषांपेक्षा कमीच होता.

मला त्या फॉर्मचं फार वाईट वाटतं. तिचं काम बदललं नव्हतं, फक्त त्या कामाला जे नाव हवं ते तिला मिळत नव्हतं, म्हणून दुसऱ्या रकान्यात बसवलं. आजही टीममध्ये बायकांचा आकडा दाखवताना सगळ्यांना एकत्र मोजलं जातं, त्यात अवेअरनेस ट्रेनिंग देणारी, ऑडिटची कागदपत्रं गोळा करणारी, व्हेंडरशी बोलणारी, प्रोजेक्टचा पाठपुरावा करणारी सगळ्या येतात, आणि मग रेड टीम, मालवेअर ॲनालिसिस, एक्सप्लॉइट डेव्हलपमेंट, सिक्युरिटी आर्किटेक्चर अशा खोल टेक्निकल कामांत वेगळं मोजून बघा म्हटलं की खोली शांत होते.

अमेरिकेत एलिझेबेथ स्मिथ फ्रीडमनचं असंच झालं. दारूबंदीच्या काळात तस्करांचे सांकेतिक संदेश तिने फोडले, कोर्टात साक्षी दिल्या, पुढे महायुद्धात दक्षिण अमेरिकेतल्या जर्मन हेरांच्या जाळ्यांचे संदेश तिच्या टीमने उलगडले. लोकांसमोर त्याचं श्रेय एफबीआयने घेतलं, आणि तिची कागदपत्रं अनेक दशकं गोपनीय राहिली. सिक्युरिटीत हा धोका बाकी क्षेत्रांपेक्षा जास्त आहे, कारण आमचं निम्मं काम बाहेर सांगताच येत नाही. बाहेर सांगता येत नाही म्हणजे कोणी काय केलं याची साक्ष फक्त खोलीतल्या चार-पाच लोकांकडे असते, आणि त्या चार-पाच जणांनी तुमचं नाव घेतलं नाही तर तुमचं काम झालंच नाही असं होतं.

मग हा समज आला कुठून, की सिक्युरिटीवाला म्हणजे हुडी घातलेला, रात्रभर जागणारा, माणसांशी न बोलणारा एक तरुण? हे आपोआप झालेलं नाही. सुरुवातीच्या काळात प्रोग्रामिंग हे बायकांचं काम समजलं जायचं, एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामर सहाही बायकाच होत्या. १९६६ मध्ये अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी, कॅनन आणि पेरी यांनी, प्रोग्रामर लोकांच्या आवडीनिवडी तपासून चाचणी तयार केली आणि त्यात निष्कर्ष असा काढला की चांगल्या प्रोग्रामरना कोडी सोडवायला आवडतात आणि माणसं आवडत नाहीत. अशा चाचण्या भरतीत वापरल्या जायला लागल्या, आणि माणसांत न रमणारा पुरुष हाच खरा तंत्रज्ञ हे हळूहळू सगळ्यांना खरं वाटायला लागलं. घरी कॉम्प्युटर आले ते खेळणं म्हणून मुलग्यांना विकले गेले, आणि अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांमध्ये बायकांचा जो वाटा १९८० च्या दशकाच्या मध्यावर ३७ टक्क्यांच्या आसपास होता तो २०१० पर्यंत २० च्याही खाली आला. बाकीची विज्ञानं पुढे गेली आणि हे मागे आलं. बायकांचा मेंदू पंचवीस वर्षांत बदलत नाही, कामाचं चित्र बदलतं.

आकड्यांवरून आठवलं. आयएससी टू ही सर्टिफिकेशन देणारी संस्था दरवर्षी या क्षेत्रातल्या मनुष्यबळाचा आढावा घेते. २०१७ च्या अहवालात बायकांचा वाटा ११ टक्के होता आणि २०१८ मध्ये तो एकदम २४ टक्के झाला. एका वर्षात दुप्पट बायका आल्या असं कोणी समजू नये, मोजायची पद्धत बदलली होती. आधी मुख्यतः ज्यांच्या पदनामात सिक्युरिटी आहे ते मोजले जायचे, नंतर आयटीत काम करणारे पण निदान पाव वेळ सिक्युरिटीच्या कामात घालवणारे लोकही धरले. म्हणजे काम करणाऱ्या बायका आधीपासून होत्याच, नेटवर्क सांभाळताना फायरवॉलचे नियम लिहीत होत्या, सिस्टिमला पॅच लावत होत्या, ॲक्सेस रिव्ह्यू करत होत्या, फक्त त्यांच्या पदाला सिक्युरिटी हे नाव नव्हतं आणि बहुधा त्या नावाचा पगारही नव्हता. जोन क्लार्कच्या फॉर्मचीच ही पुढची आवृत्ती.

त्याच संस्थेच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगभरात या कामात साधारण ५५ लाख लोक आहेत आणि अजून ४८ लाख हवे आहेत. एवढी माणसं हवीत म्हणायचं आणि मग जॉब डिस्क्रिप्शन काय लिहायचं बघा, पद एंट्री लेव्हल, अनुभव एक ते दोन वर्षं, आणि खाली सीआयएसएसपी, म्हणजे याच संस्थेचं अनुभवी लोकांसाठीचं सर्टिफिकेट, असल्यास प्राधान्य. सीआयएसएसपी मिळवायलाच पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो, संबंधित विषयाची डिग्री असेल तर एक वर्ष सूट. म्हणजे ती जाहिरात ज्याने लिहिली त्याला स्वतःलाच माहीत नाही की काय मागतोय. असं का होतं तर जुनी जाहिरात उचलायची, त्यात दोन टूल्सची नावं घालायची आणि पुढे एचआरला पाठवायची. काही लोक अशी जाहिरात वाचून, जाऊ दे, टाकून तर बघू, म्हणून अर्ज करतात आणि काही लोक ती अक्षरशः खरी मानतात. मी इंटरव्ह्यू पॅनेलवर बसायला लागल्यावर सगळ्यात आधी हे बदललं, पहिल्या दिवशी जे लागणार नाही ते जाहिरातीतून काढून टाकायचं, आणि जे सहा महिन्यांत शिकवता येतं ते शिकवू असं स्पष्ट लिहायचं. अर्ज करणाऱ्यांमध्ये लगेच फरक दिसला, फक्त बायका नाही, सिस्टिम ॲडमिन, टेस्टिंगवाले, नेटवर्कवाले, असे खूप चांगले लोक यायला लागले.

सर्टिफिकेशनवर अजून थोडं बोलायचंय कारण त्याचा त्रास बाहेरच्याला दिसत नाही. पेनटेस्टिंगमध्ये, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघायच्या कामात, ओएससीपी या सर्टिफिकेटला मान आहे आणि तो रास्त आहे, परीक्षा प्रत्यक्ष मशीन फोडून द्यायची असते. पण ती २३ तास ४५ मिनिटांची असते, पूर्ण वेळ वेबकॅम चालू, आणि मग रिपोर्टसाठी आणखी २४ तास. ब्रेक घेता येतो, झोपताही येतं, पण घड्याळ थांबत नाही. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना सलग दोन दिवस घर दुसऱ्यावर सोपवून दार लावून बसणं हे कौशल्याच्या आधीच अडखळायला लावणारं आहे, आणि घरातली ही जबाबदारी अजूनही कोणाकडे जास्त असते हे वेगळं सांगायची गरज नाही. सीआयएसएसपी टिकवायचं तर दर तीन वर्षांत १२० क्रेडिट जमवावे लागतात. बाळंतपणासाठी वर्ष-दीड वर्ष थांबलेली बाई परत येते तेव्हा तिला आधी हा हिशेब पूर्ण करावा लागतो, आणि ते सगळं स्वतःच्या वेळेत. परीक्षा सोप्या करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. कंपनीने तयारीचा वेळ कामाच्या वेळात द्यावा, ब्रेकवर असलेल्यांची फी आणि ट्रेनिंगचा ॲक्सेस चालू ठेवावा, आणि भरती करताना सर्टिफिकेट नसेल तर त्याच दर्जाची प्रॅक्टिकल टेस्ट घ्यावी, तीन-चार तासांची, ठरलेल्या निकषांवर.

आणि रात्रपाळी. सॉक, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र, हे चोवीस तास चालणारं काम, हल्लेखोर तर शनिवारी मध्यरात्रीच येतात कारण त्यांना माहीत असतं तेव्हा कमी लोक असतात. यावर दोन प्रकारचे उपाय आजवर केले गेलेत. पहिला जुना, बायकांना रात्री कामाला बोलवायचंच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४८ चा एक करार होता ज्यात उद्योगांमध्ये बायकांच्या रात्रीच्या कामावर बंदी होती. हेतू संरक्षणाचा असेल, पण परिणाम काय होतो, तर रात्री जे मोठे इन्सिडेंट होतात ते तुम्हाला कधी बघायलाच मिळत नाहीत, आणि मग अनुभव नाही म्हणून पुढे जाता येत नाही. त्याच संघटनेने १९९० मध्ये जो रात्रपाळीचा नवा करार केला तो स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे, रात्री काम करणाऱ्या कोणालाही आरोग्य तपासणी, कामाच्या तासांची भरपाई, सोयी, आणि गरोदर बायकांसाठी रात्रीच्या कामाला पर्याय. मला हा दुसरा रस्ता मनापासून पटतो. बाईला रात्रीतून बाहेर काढू नका, रात्रच माणसांना झेपेल अशी करा.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर शिफ्टचं वेळापत्रक निदान महिनाभर आधी हातात द्या, आदल्या दिवशी फोन करून उद्या रात्री ये म्हणू नका. येण्याजाण्याची सुरक्षित सोय सगळ्यांना द्या. ऑन-कॉलच्या रात्री तीन तास जागलेल्या माणसाला सकाळी नऊच्या स्टँडअप मीटिंगला बोलवू नका. हँडओव्हर नीट लिहिलेला असू द्या म्हणजे शिफ्ट संपली की माणूस खरंच घरी जाऊ शकेल. आमच्या क्षेत्रात जागरण हा पराक्रम समजतात, सलग तीस तास बसलेल्या माणसाचं कौतुक होतं, आणि ज्या टीमला तीस तास एका माणसाला बसवावं लागतं तिचं नियोजन फसलंय हे कोणी म्हणत नाही. थकलेला ॲनालिस्ट अलर्ट चुकवतो, हे साधं आहे. यात बदल झाला तर त्याचा फायदा पुरुषांनाही तेवढाच आहे, आणि मला माहीत असलेल्या कितीतरी चांगल्या पुरुषांनी याच कारणाने हे काम सोडलंय.

एक युक्तिवाद मात्र मला मान्य नाही, जो आमच्या बाजूने म्हणून केला जातो. बायका बारकाईने बघतात, बायकांना सहानुभूती असते, म्हणून त्यांना सिक्युरिटीत घ्या. हे ऐकायला गोड वाटतं आणि नेमकं यातूनच परत ते टाइमलाइनचं काम येतं, अवेअरनेसचं काम येतं, ग्राहकाची समजूत काढायचं काम येतं. डोरोथी डेनिंग या संशोधक बाईने १९८७ मध्ये घुसखोरी ओळखायचं जे मॉडेल मांडलं, की वापराचा नेहमीचा पॅटर्न नोंदवा आणि त्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर खूण करा, त्यावर आजच्या सॉकमधल्या कितीतरी अलर्टचा पाया आहे. शफी गोल्डवासरला क्रिप्टोग्राफीसाठी, म्हणजे संदेश सुरक्षित ठेवायच्या गणितासाठी, २०१२ चा ट्युरिंग हा कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, सिल्व्हियो मिकालीबरोबर. या बायका समजूतदार होत्या म्हणून नाही, त्यांना कठीण प्रश्नावर काम करायला मिळालं आणि त्यांनी तो सोडवला म्हणून.

पण वेगवेगळं आयुष्य जगलेले लोक खोलीत असले की प्रश्न वेगळे विचारले जातात, हे मात्र खरंय, आणि याचा संबंध स्वभावाशी नसून माहितीशी आहे. आमच्या नेहमीच्या थ्रेट मॉडेलमध्ये, म्हणजे धोका कोणाकडून आणि कसा येईल याच्या अंदाजात, हल्लेखोर बाहेरचा असतो, लांब कुठेतरी बसलेला, त्याला पासवर्ड माहीत नसतो. ज्या बाईवर तिचाच जोडीदार पाळत ठेवतोय तिचा हल्लेखोर घरात असतो, त्याला पासवर्ड माहीत असतो, ती झोपली की तिचं बोट फोनला लावता येतं, फॅमिली अकाउंटचा ॲडमिन तोच असतो. टू-फॅक्टरचा कोड ज्या फोनवर येतो तो त्यानेच घेऊन दिलेला असतो. ॲपलने २०२१ मध्ये एअरटॅग आणला, हरवलेल्या किल्ल्या शोधायला म्हणून, आणि थोड्याच दिवसांत तो लोकांच्या बॅगेत, गाडीत लपवून पाठलाग करायला वापरला जातोय हे समोर आलं. आयफोनवाल्यांना इशारा मिळायची सोय होती, पण अँड्रॉइडवाल्यांसाठी आधी काहीच नव्हतं, मग त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक ॲप आलं ज्यात स्वतःहून स्कॅन करावं लागायचं, म्हणजे ज्याला आधीच संशय आहे त्यालाच उपयोग. दोन्ही प्रकारच्या फोनवर आपोआप इशारा देणारी व्यवस्था ॲपल आणि गुगलने मिळून आणली ती २०२४ च्या मे महिन्यात. तीन वर्षं गेली. माझी खात्री आहे की डिझाइनच्या मीटिंगमध्ये ज्यांनी असा पाठलाग अनुभवलाय किंवा जवळून बघितलाय अशा लोकांचा शब्द पुरेसा चालत असता तर ही तीन वर्षं लागली नसती. पाळत ठेवणाऱ्या ॲपविरुद्ध, ज्याला स्टॉकरवेअर म्हणतात, अँटीव्हायरस कंपन्यांनी ठोस भूमिका घ्यावी म्हणून ईव्हा गॅल्परिन या सिक्युरिटी संशोधक बाईने अक्षरशः मागे लागून काम केलं, २०१९ मध्ये त्यावर अनेक संस्थांची आघाडी उभी राहिली. त्याआधी कितीतरी वर्षं ही ॲप्स खुलेआम विकली जात होती आणि बरीच अँटीव्हायरस त्यांना धोकादायक म्हणतच नव्हती.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे मेरिट. डेटाच्या पॅकेटला काय माहीत कोणी पाठवलं, एक्सप्लॉइट, म्हणजे सिस्टिममधली फट वापरणारा कोड, चालतो किंवा चालत नाही, इथे स्त्री-पुरुष कुठे येतो? मशीनला फरक पडत नाही हे बरोबर, पण कामाची पारख मशीन करत नाही, माणसं करतात. गिटहब या कोड शेअर करायच्या साइटवरच्या लाखो पुल रिक्वेस्टचा, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोजेक्टला सुचवलेल्या बदलांचा, एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकूण बघितलं तर बायकांनी पाठवलेले बदल पुरुषांपेक्षा थोड्या जास्त प्रमाणात स्वीकारले जात होते. पण प्रोजेक्टमध्ये नवख्या असलेल्या बायकांच्या प्रोफाइलवरून ती बाई आहे हे कळत असेल तर स्वीकारायचं प्रमाण घसरत होतं. कोडची पारख करताना नावही बघितलं जातं असं यावरून वाटतं. मेरिटवर माझाही विश्वास आहे, अगदी मनापासून, आणि म्हणूनच मला वाटतं की ते नीट मोजलं जावं, चार जणांच्या भरवशावर सोडू नये.

मीटिंग आणि कॉन्फरन्सचं वातावरण हा वेगळाच विषय आहे. २०१८ मध्ये आरएसए या सिक्युरिटीच्या मोठ्या कॉन्फरन्सच्या मुख्य भाषणांची यादी जाहीर झाली त्यात सुरुवातीला एकच बाई होती, मोनिका लेविन्स्की, आणि ती सिक्युरिटी क्षेत्रातली नव्हतीच. टेक्निकल बायका सापडत नाहीत असं म्हणायला वाव राहू नये म्हणून काही जणांनी मोजक्या दिवसांत अवरसा नावाची दुसरी कॉन्फरन्स उभी केली आणि वक्त्यांची अख्खी यादी भरून दाखवली. शोधलं की सापडतात. त्याच्या थोडंच आधी, २०१५ मध्ये, त्याच आरएसएने प्रदर्शनातल्या स्टॉलवर तोकड्या कपड्यातल्या मुली उभ्या करायला मनाई केली. २०१५ म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. ज्या हॉलमध्ये कालपर्यंत बाई म्हणजे शोभेला उभी केलेली, तिथे लॅपटॉप घेऊन गेलेल्या बाईला, तुम्ही मार्केटिंगमध्ये का, हा प्रश्न किती वेळा येत असेल याचा अंदाज करा. मला तो इतक्यांदा आलाय की मी मोजणं सोडलं.

छळाच्या तक्रारींबद्दलही एक सांगते, सिक्युरिटीत ही तक्रार करणं जास्त अवघड का आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडेच कधीकधी मेल सिस्टिमचा ॲडमिन ॲक्सेस असतो, लॉग असतात, कोणी कोणाला काय पाठवलं हे बघायचा अधिकार असतो. अशा वेळी तक्रार ऑफिसच्या मेलवरून कर असं त्या मुलीला कोण सांगणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिंसा आणि छळ याविषयीच्या २०१९ च्या करारात ऑफिसच्या चार भिंतींबरोबर प्रवास, ट्रेनिंग, कामाशी संबंधित ऑनलाइन संवाद हे सगळं धरलेलं आहे, आणि आमच्यासारख्या टीमसाठी त्यापुढे एक पाऊल लागतं, तक्रारीचा मार्ग सिक्युरिटी टीमच्या हाताबाहेर असला पाहिजे, वेगळी यंत्रणा, वेगळा ॲक्सेस. आपण दुसऱ्यांना अधिकारांची विभागणी शिकवतो, ती आपल्या घरातही लावायला हवी.

आणि कृपा करून समावेशाचं काम परत बायकांच्याच डोक्यावर टाकू नका. पॅनेलवर बाई हवी, हिला बोलवा. नवीन मुलींना मेंटॉर हवा, हिला सांगा. महिला दिनाचा कार्यक्रम, हीच. हे सगळं मी आनंदाने केलंय, मला त्या मुली आवडतात, पण हे तास कुठल्याच अप्रेझलमध्ये आले नाहीत आणि त्या तासांत माझ्या बरोबरीचे लोक काहीतरी नवं टूल शिकत होते. करायला लावायचं असेल तर त्याला कामाचा वेळ द्या आणि त्याची नोंद घ्या.

नोंद हा शब्द आला म्हणून मूळ मुद्द्यावर येते. आम्ही अशा धंद्यात आहोत जिथे सगळ्याची नोंद होते, कोणी कधी लॉगिन केलं, कुठली फाइल उघडली, कुठला नियम कोणी बदलला. फक्त काम कोणाला दिलं याची नोंद कोणी ठेवत नाही. मी टीम लीड झाले तेव्हा एक साधी शीट सुरू केली, प्रत्येक इन्सिडेंटला कोण लीड, कोण फॉरेन्सिक म्हणजे पुरावे तपासायला, कोण कंटेनमेंट म्हणजे हल्ला रोखायला, कोण टाइमलाइन, एवढंच. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर ती उघडली. मी स्वतः वाटप करत होते, मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी टाइमलाइनच्या रकान्यात त्याच दोन मुलींची नावं परत परत आली होती. मलाच धक्का बसला. कारण रात्री घाईत जो पटकन करेल त्यालाच काम दिलं जातं, आणि जो पटकन करतो तो पटकन करतो कारण आधीही त्यालाच दिलं होतं.

मग नियम केला, टाइमलाइन फिरती, ठरलेल्या क्रमाने, सगळ्यात सीनियर माणसालाही पाळी येणार. फॉरेन्सिकला नवीन माणूस पुढे आणि अनुभवी माणूस शेजारी, कीबोर्ड नवीन माणसाकडे. पहिले काही इन्सिडेंट हळू झाले, हे कबूल करते, वरून विचारणाही झाली आणि मी उत्तर दिलं की दोनच लोकांना इमेज घेता येते हीच आपली जोखीम आहे, ते दोघं एकाच वेळी रजेवर गेले तर काय. हे वरच्यांना लगेच पटलं. न्यायाच्या भाषेत हेच सांगितलं असतं तर कदाचित वेळ लागला असता, मला त्याचं दुःख आहे, पण काम झालं.

यानंतर काही महिन्यांनी परत रात्री कॉल आला, एका सर्व्हरवर अनोळखी सर्व्हिस अकाउंट चालू होतं. त्या दोघींतली एक फॉरेन्सिकवर होती, स्क्रीन तिने शेअर केलेली, आवाज सुरुवातीला जरा कापत होता. ती एकेक शेड्यूल्ड टास्क वाचून दाखवत होती आणि आमच्यातला सगळ्यात जुना, जवळजवळ वीस वर्षं याच कामात असलेला माणूस टाइमलाइन लिहीत होता. मध्येच तो म्हणाला, "थांब जरा, शेवटची वेळ परत सांग, माझी लिहायची राहिली." ती थांबली, वेळ परत सांगितली, आणि पुढचा टास्क उघडला.